आधी पोट, मग सुई

मांजरं मला आवडत नाहीत. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढचं वाचून कुणीतरी मला मोठी भूतदयावाली ठरवायचं. शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरात जी मांजरी होती ती सासूबाईंची. करडी, एक कान फाटलेला, आणि स्वभावानं माझ्याइतकीच तुसडी. लग्न होऊन मी त्या घरात पाऊल टाकलं तेव्हा ती चुलीच्या उबेला बसली होती. तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि डोळे मिटून घेतले. आमचं पुढेही कधी फारसं जमलं नाही. ती माझ्या पायात यायची, मी तिला हाकलायची आणि सासूबाई हसायच्या.

सासरे, म्हणजे आमचे मामंजी, हायस्कुलात शास्त्र शिकवून नुकतेच निवृत्त झाले होते. शाळा सुटली तरी शिकवणं सुटलं नव्हतं. भाकरी का फुगते, माठातलं पाणी गार का होतं, गिरणीच्या भोंग्याची वाफ आधी दिसते आणि आवाज मागून का येतो, हे सगळं त्यांनी मला समोर बसवून समजावलं होतं. कुणी काही विचारलं आणि आपल्याला ठाऊक असून सांगितलं नाही, असं त्यांच्या हातून होतच नसे. त्यांना तो अप्रामाणिकपणा वाटायचा. "यांना गप्प बसायचा धडा कुणी दिलाच नाही," असं सासूबाई म्हणायच्या, पण कौतुकानं. मला मात्र कधी कधी वाटायचं, एखादी भाकरी आपली आपण फुगू द्यावी की.

सासूबाईंचा मधुमेह आधी मुंग्यांना कळला, डॉक्टरांना नंतर. मोरीच्या कडेनं मुंग्यांची रांग लागायला लागली. सासूबाई वाळत चालल्या. तहान तर अशी की माठ त्यांना एकट्यांना पुरेना, आणि सोलापुरात उन्हाळ्यात पाणी म्हणजे काय ते मी वेगळं सांगायला नको. इन्सुलिन नावाचं औषध तेव्हा निघालेलं होतं आणि मुंबईहून मागवता येत होतं. मामंजींनी ते मागवलं, डॉक्टरांकडून सुई टोचायला शिकून घेतली आणि माजघरातल्या कोनाड्यात छोटी प्रयोगशाळाच थाटली. स्पिरिटचा दिवा, काचेच्या नळ्या, निळ्या औषधाची बाटली. निळ्या औषधात लघवीचे थेंब टाकून नळी दिव्यावर तापवायची. निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी, पिवळं झालं तर जास्त, आणि विटकरी झालं की मामंजींचं तोंड उतरायचं. हळूहळू विटकरी दिवस कमी झाले. सासूबाईंच्या बांगड्या कोपरापर्यंत जात होत्या त्या पुन्हा मनगटाला थांबायला लागल्या. बायकोचं अंग भरताना पाहून मामंजी इतके खूश असायचे, की जणू ते औषध त्यांनीच शोधून काढलं होतं.

एका दुपारी सुई टोचून झाल्यावर सासूबाईंनी सहज विचारलं, "हे कशाचं करतात हो?"

मी तिथेच ताक घुसळत होते. मामंजींनी बाटलीबरोबर आलेला इंग्रजी कागद उलगडला आणि वर्गात सांगावं तसं सांगायला सुरुवात केली. जनावरांच्या पोटात जठरामागे एक ग्रंथी असते, तिच्यापासून. सासूबाईंनी विचारलं, कुठल्या जनावरांच्या? ते म्हणाले, गाईबैलांच्या, काही वेळा डुकरांच्याही. कत्तलखान्यातून आणतात. मग ते किती वेळा शुद्ध करतात हे त्यांना पुढे सांगायचं होतं, आणि ते त्यांनी सांगितलंही. पण ते ऐकायला आता कुणी नव्हतं. सासूबाईंनी टोचून घेतलेला हात पदराखाली ओढून घेतला होता.

तो हात त्यांनी पुन्हा पुढे केला नाही. भांडण झालं नाही, रडारड झाली नाही. मामंजींनी समजावलं, चिडून पाहिलं, हात जोडून पाहिले. सासूबाईंचं एकच म्हणणं: "तुम्ही सांगितलंत ते फार बरं केलंत. नाहीतर मी तशीच घेत राहिले असते." शेवटी मामंजींनी डॉक्टरांना गळ घातली, की नवीन औषध आलंय, झाडपाल्याचं आहे, असं तुम्हीच येऊन सांगा. डॉक्टर आले, सांगितलं. सासूबाईंनी डॉक्टरांकडे पाहिलंच नाही, त्यांनी मामंजींकडे पाहिलं. मामंजींना खोटं बोलायची सवय नव्हती आणि ती लावून घ्यायला आता फार उशीर झाला होता. वैशाखात सासूबाई गेल्या. शेवटचे दिवस त्यांच्या श्वासाला जास्त पिकून उतरलेल्या फळासारखा वास यायचा. अजूनही कुणाच्या घरात आंबे जास्त पिकले असले की मला तिथे बसवत नाही.

त्यानंतर मी कोनाडा आवरायला गेले तर मामंजी म्हणाले, "असू दे." मांजरी सासूबाईंच्या पाटावर जाऊन बसायला लागली. मी तिला उठवायला गेले की म्हणायचे, "असू दे." त्या दिवसांत त्यांचं बोलणं एवढंच. एकदा मी मुद्दाम विचारलं, "मामंजी, दूध नासतं ते का हो नासतं?" ते म्हणाले, "नासतं." मी आत जाऊन तोंडाला पदर लावून रडले.

थंडी सुरू झाली तशी एका सकाळी मी परसातलं राखेचं घमेलं बदलायला गेले. ते मांजरीसाठी ठेवलेलं असे. भिंतीवरून मुंग्यांची रांग उतरली होती आणि सरळ त्या घमेल्यात गेली होती. ती रांग मी ओळखत होते. मांजरी माठाखालच्या ठिबकत्या पाण्यापाशी तासन् तास बसायची, भरपूर खाऊनही खंगत चालली होती, हे मला रोज दिसत होतं. पण मांजरीलाही हा आजार होतो हे कुणाच्या ध्यानीमनी असणार? मी मामंजींना हाक मारली. ते आले आणि वाकून त्यांनी ती रांग पार घमेल्यापर्यंत न्याहाळली. मग आत गेले आणि कोनाड्यातला स्पिरिटचा दिवा काढून पंचाच्या टोकानं पुसायला लागले.

घमेल्यातली राख काढून ते रिकामंच ठेवलं. मांजरीला हा प्रकार मुळीच पसंत नव्हता, पण शेवटी तिचाही नाइलाज झाला. नळी दिव्यावर धरली तर पाहता पाहता विटकरी. मामंजी ती नळी माझ्या डोळ्यांसमोर धरून म्हणाले, "बघ. अगदी तीच गत." किती तरी महिन्यांनी ते माझ्याशी असं आपणहून बोलले होते.

समोरच्या बोळात एक मुसलमान टांगेवाला राहायचा. त्याच्या टांग्यातून आम्ही मांजरीला गुरांच्या दवाखान्यात नेलं. टोपलीचं झाकण धरून बसायला म्हणून मला बरोबर घेतलं होतं. तिथला शिपाई टोपलीत डोकावून हसायलाच लागला. "मास्तर, मांजराला सुई मारत्यात व्हय कुटं? हितं बैल न् घोडी येत्यात की." डॉक्टर मात्र हसले नाहीत. एके काळी ते मामंजींच्या वर्गात बसलेले होते. त्यांनी मांजरीचं पोट दोन्ही हातांनी चाचपलं, तिच्या तोंडाचा वास घेतला, मामंजींनी नळीतून आणलेली लघवी नुसतीच तापवून पाहिली. ती वरच्या बाजूला दुधाळ झाली.

"मास्तर, नुसती साखर नाही हो," डॉक्टर म्हणाले. "मूत्रपिंडंही गेलीत हिची. लहान झालीत, हाताला खड्यासारखी लागतात. साखरेला मांस चांगलं, पण मूत्रपिंडाला ते सोसायचं नाही. मूत्रपिंडासाठी दूधभात द्याल, तर साखर वाढेल."

"मग द्यायचं काय?" मामंजींनी विचारलं.

"थोडं हे, थोडं ते. आणि सुई द्यायचीच असेल तर एक पक्कं लक्षात ठेवा. आधी पोट, मग सुई. हे जनावर आज खाईल, उद्या तोंड फिरवेल. उपाशी पोटी सुई गेली तर साखर इतकी खाली येईल, की बघता बघता जाईल."

परतीच्या वाटेवर टांग्यात मामंजी ते शब्द पाठ करत होते. मी टोपली धरून मनातल्या मनात चरफडत होते. इतकी खटपट करून शेवटी मांजरीसाठी!

आमच्या घरात मांस येणं शक्य नव्हतं. ती अडचण टांगेवाल्याच्या बायकोनं सोडवली. तिला अख्खी गल्ली आपा म्हणायची. तिच्या नवऱ्यानं टांग्यातलं बोलणं ऐकलं होतं, ते तिला कळलं, आणि दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःहून बोळातून विचारलं, "मास्तर, बिल्लीकू गोश हमारे यहाँ खिलाव ना जी. उसमें क्या?" तेव्हापासून रोज सकाळी गिरणीचा भोंगा झाला की मामंजी टोपली घेऊन बोळ ओलांडायचे. आपा बिनमिठाचा, बिनमसाल्याचा मांसाचा एक तुकडा उकडून, चुरून ठेवायची. हायस्कुलातला, सोवळंओवळं पाळणाऱ्या घरातला ब्राह्मण मास्तर आपाच्या ओट्यावर बसून मांजरी खाते की नाही ते बघायचा आणि तिनं ताटली चाटून पुसली की खिशातल्या डबीतून सुई काढून तिच्या मानेच्या सैल कातडीत द्यायचा. मांजरी हूं की चूं करत नसे. मान पुढे करून बसायची. संध्याकाळी घरी दूधभाताचे दोन घास. साखरेचाही मान राखायचा आणि मूत्रपिंडाचाही.

पेठेत व्हायची ती चर्चा झालीच. आपाच एकदा हसत म्हणाली, "मास्तर, तुमारी बिल्ली तो मुसलमान हो गई." मामंजी खो खो हसले. मी आमच्या दारातून ते ऐकलं आणि हातातली केरसुणी तशीच धरून उभी राहिले.

आमचे हे गिरणीच्या कचेरीत कारकून होते. कुणाच्या अध्यातमध्यात नसणारा माणूस, पण चारचौघांत वडिलांचा विषय निघायला लागला तसे तेही वैतागले. एका संध्याकाळी जेवताना म्हणाले, "बाबा, लोक काय काय बोलतात, ठाऊक आहे का तुम्हाला?"

"ठाऊक आहे," मामंजी म्हणाले. "पण मांजरी काही विचारत नाही. सुई कशाची, कुठून आली, काही नाही. फार मोठा गुण आहे तो."

मी भात वाढला.

मला या सगळ्याचा राग यायचा, आणि तो राग मांजरीवर काढायला सोपा होता. ती माठ रिकामा करायची, परसभर ओकून ठेवायची, तिच्या तोंडाला घाण वास मारायचा. खरा राग वेगळाच होता. हे सगळं सासूबाईंसाठी व्हायला हवं होतं. ही मान सासूबाईंनी पुढे करायला हवी होती. मामंजींनाही ते ठाऊक होतं, म्हणूनच ते या मांजरीच्या मागे हात धुऊन लागले होते. एकीला आपल्या जिभेनं घालवलं, आता दुसरीला तरी आपल्या हातानं राखायचं, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. पण नळी निळी निघाली की त्यांचा चेहरा जसा व्हायचा, त्यावरून एवढं कळत होतं की ही मांजरी गेली तर या माणसाचं काही खरं नाही. मला भीती वाटायची ती त्याची.

उन्हाळा आला तसं अवघड व्हायला लागलं. इन्सुलिनची बाटली उन्हानं बिघडते म्हणून मामंजी ती फडक्यात गुंडाळून कोऱ्या मडक्यात ठेवायचे आणि मडक्याभोवती ओला पंचा. प्यायला पाणी नाही तिथे तो पंचा भिजवायला मी पाणी द्यायची आणि बडबडायची. मांजरीच्या हिरड्यांना फोड आले. एक दिवस खायची, दोन दिवस नुसती हुंगून मागे सरायची. खाल्लं नाही तर सुई नाही, आणि सुई नाही तर दुसऱ्या दिवशी नळी विटकरी. मामंजी वाटी हातात घेऊन तिच्यापुढे बसायचे. बोटावर दूध घेऊन तिच्या नाकाला लावायचे. "खा गं. एवढं खा." सासूबाईंना ते कधी असं म्हणाल्याचं मी ऐकलं नव्हतं. त्या काळी नवरे म्हणत नसत.

अशातच सासूबाईंचं वर्षश्राद्ध आलं. आदल्या संध्याकाळी मी आपाला सांगून आले, की उद्या मामंजी येणार नाहीत. ती म्हणाली, "हौ जी, मालूम है मेरेकू." श्राद्धाच्या दिवशी घरातला कुणी बोळ ओलांडून तिथे जाणं शक्यच नव्हतं. शिवाय आमच्याकडची आणखी एक रीत होती. श्राद्धाच्या स्वयंपाकातलं पितरांच्या आधी कुणाच्याही तोंडात जाता कामा नये. मांजर कधी तोंड घालील याचा नेम नसतो, म्हणून पानं उठेपर्यंत त्याला टोपलीखाली झाकून वर वजन ठेवायचं. सासूबाई असताना त्या स्वतः तिला झाकायच्या आणि टोपलीवरून थोपटायच्या.

एकदा आंघोळ करून सोवळं नेसलं की मांजरीला शिवता येणार नव्हतं. म्हणून मामंजींनी पहाटेच तिच्यापुढे दुधाची वाटी ठेवली. एरवी वाटी रिकामी होईतो ते जागचे हलत नसत. त्या दिवशी गुरुजी यायच्या आत आवरायचं होतं, न्हाणीघरात पाणी काढलेलं होतं. तिनं वाटीत तोंड घातलेलं त्यांनी पाहिलं आणि सुई दिली. ती दूध प्यायलीच नव्हती. तिनं नुसत्या मिशा ओल्या केल्या होत्या. मामंजी आंघोळीला गेले. मागाहून आमच्या ह्यांनी आपल्या आंघोळीआधी ती भरलेली वाटी परसात ओतून टाकली, मांजरीला टोपलीखाली घातली आणि टोपलीवर वरवंटा ठेवला. दोघांनीही आपापलं काम नीट केलं होतं.

श्राद्ध आमचे हे करत होते, मुलाचाच तो अधिकार. मामंजी माजघरात भिंतीला टेकून बसले होते. मी सोवळ्यात स्वयंपाक करत होते. वडे तळून झाले होते, खीर उतरवली होती. वैशाखातला तो उकाडा, चुलीचा धूर, डोळ्यांतून नुसतं पाणी येत होतं. मधूनच टोपली खडखडल्यासारखी वाटली. बाहेर यायचं असेल म्हातारीला, असं मी मनात म्हटलं आणि वरणाला फोडणी दिली.

खडखड थांबली ती मला कळली नाही. मामंजींना कळली.

ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन उभे राहिले तेव्हा त्यांच्या हातांवर मांजरी आडवी होती. तिचे पाय झटके देत होते, जबडा आवळलेला, डोळे उघडे आणि त्यांत काही नाही. "साखर दे," मामंजी म्हणाले. "लवकर. ती उपाशी होती."

घरात साखर नव्हती. सासूबाईंच्या आजारापासून आम्ही डबाच काढून टाकला होता. श्राद्धापुरती आणली तेवढी सगळी खिरीत गेली होती. मी खिरीच्या पातेल्याकडे पाहिलं, मामंजींनीही पाहिलं.

बाहेर मंत्र थांबले. दर्भाची अंगठी घातलेला हात वर करून आमचे हे ओरडले, "बाबा, अहो हे काय करताय! तुम्ही विटाळलात! आणि तू... तू देऊ नकोस. अजून पानं वाढायची आहेत."

मांजरीची दया आली म्हणून मी काही केलं असं नाही. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला सगळ्यांचाच संताप आला होता, गेलेल्या सासूबाईंचासुद्धा. औषध हाताशी आहे आणि मध्ये सोवळं आडवं आलंय, हे मी या घरात एकदा पाहिलं होतं. तेव्हा मी ताक घुसळत गप्प बसून होते, सून होते, माझं कुणी ऐकलंही नसतं. आता पळी माझ्या हातात होती. मी ती पातेल्यात बुडवली आणि उंबऱ्याशी जाऊन मामंजींनी मांजरी एका हातावर घेऊन पुढे केलेल्या तळहातावर रिती केली. खीर चांगली कढत होती. ते हूं की चूं न करता बोटांनी ती मांजरीच्या हिरड्यांना चोळत राहिले.

बराच वेळ काही झालं नाही. मग तिची जीभ हलली. तिनं त्यांचं बोट चाटलं, मग तळहात. पायांचे झटके कमी झाले. मामंजी उंबऱ्यावरच बसले आणि तिला मांडीवर घेऊन मोठ्यानं रडले. सासूबाई गेल्या तेव्हा ते रडले नव्हते.

गुरुजी आता उठून जाणार, पेठभर बोभाटा होणार, असं मी धरूनच चालले होते. ते म्हातारे गृहस्थ थोडा वेळ डोळे मिटून बसले आणि म्हणाले, "पुन्हा आंघोळी करा. चूल सारवून घ्या. साखर आणवा. मी थांबतो." मी पुन्हा सगळा स्वयंपाक केला. पानं झाली तेव्हा उन्हं कलली होती. कावळ्याचा घास पत्र्यावर ठेवला तो लगेच उचलला गेला. सासूबाईंनी फार मनावर घेतलेलं दिसत नाही, असं मला वाटलं आणि जरा बरं वाटलं.

आमचे हे मात्र माझ्याशी पुष्कळ दिवस धड बोलले नाहीत.

एवढं सगळं करून ती वाचली, पण कशासाठी वाचली असं मला पुढे वाटायला लागलं. साखर मामंजींच्या हातात थोडीफार होती, मूत्रपिंडं कुणाच्याच हातात नव्हती. ती पाणीसुद्धा ओकायला लागली. पाठीचा कणा मोजून घ्यावा असा वर आला. आपाच्या ओट्यावर नेलं तरी ती ताटलीकडे बघेना. मग आपाच वाटी पदराखाली झाकून आमच्या परसात यायला लागली, आणि आमच्या ह्यांनीही ते पाहून न पाहिल्यासारखं केलं. "खा गे माँ, थोडा खा," आपा म्हणायची आणि डोळे पुसायची. मी तिच्याशेजारी उकिडवी बसायची. मांसाचा वास मला सोसत नसे, तरी बसायची.

गुरांच्या डॉक्टरांकडे पुन्हा गेलो तेव्हा त्यांनी तिला हातही लावला नाही. "मास्तर, आता राहू द्या. तिला त्रास नका देऊ," एवढंच म्हणाले. मामंजींनी त्यांना नमस्कार केला. आपल्या विद्यार्थ्याला नमस्कार करताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं.

तरी दुसऱ्या दिवशी सकाळी भोंगा झाला आणि मामंजींनी दिवा पेटवला. नळी विटकरी झाली, इतकी गडद मी कधी पाहिली नव्हती. त्यांनी सुई उकळली. अगदी थोडं औषध भरलं, कणभर. खोलीत तोच वास भरला होता, जास्त पिकून उतरलेल्या फळाचा. मामंजींनीही तो ओळखला होता, त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

"मामंजी, तिच्या पोटात काही नाही," मी म्हटलं.

"आहे ठाऊक. अगदी थोडं देतो. नुसतं बसून कसं राहू?"

मांजरी सासूबाईंच्या पाटावर होती. ते सुई घेऊन वाकले. इतक्या महिन्यांत तिनं एकदाही मान मागे घेतली नव्हती. त्या दिवशी तिनं घेतली. अंगात उभं राहायचं त्राण नव्हतं, तरी पाटावरून घसरत उतरली, सरकत सरकत भिंतीपर्यंत गेली आणि पुढचे दोन्ही पाय अंगाखाली ओढून घेऊन, आमच्याकडे पाठ करून बसली. मामंजी तिच्यामागे गुडघ्यांवर गेले. तिनं आणखी अंग चोरलं.

ते तसेच थांबले. हातातली सुई त्यांनी खाली जमिनीवर ठेवली. मग माझ्याकडे वळून, वर्गात एखादं उत्तर चुकल्यावर मुलं बघतात तसे बघत म्हणाले, "हिला तर मी काहीच सांगितलं नव्हतं गं."

मी कोनाड्यातला दिवा विझवला.